स्पेनचा धावा

मालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही मुंबईच्या गिरणीसंपावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती साहजिकच आहे. आमचे वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्या वर्षी आम्ही शाळकरी मुले आईबरोबर गावी परत आलो. पुढे नववीनंतर शाळाही सुटली. तेव्हा तो विषय आमच्या हक्काचा खरा. पण तो इतका जवळचा आहे की त्यावर तोल सांभाळून बोलता येईल असा आम्हांलाच भरवसा वाटत नाही. म्हणून आम्ही चालकांकडून दुसरा विषय मागून घेतला. तो आहे स्पेनचा. नव्वद वर्षांपूर्वी त्या देशाने जगाकडे तातडीची मदत मागितली. ती कोणी ऐकली, कोणी ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि कोण धावून गेले, एवढेच आज सांगायचे आहे.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही. युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटात जुनी इंग्रजी पुस्तके होती. पगारवाढीच्या वाटाघाटी लांबल्या की ताटकळत बसावे लागे, त्या वेळात शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही ती वाचली. त्यांत स्पेनच्या यादवी युद्धावरचे एक पुस्तक होते. त्यात एक शब्द वारंवार येई, आणि त्या शब्दापासूनच आरंभ करणे बरे.

स्पॅनिश भाषेत मदतीला तीन शब्द आहेत. रोजच्या कामातली मदत ती 'आयुदा'. संस्थेने किंवा सरकारने पुरवलेले साहाय्य ते 'आउक्सिल्यो'. आणि माणूस बुडू लागला, घराला आग लागली, गुंड अंगावर आले, म्हणजे जी आरोळी ठोकतात ती 'सोकोर्रो!' या शेवटच्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्या मूळ धातूचा अर्थ 'धावणे' असा आहे. म्हणजे सोकोर्रो याचा शब्दशः अर्थ 'धावून येणे'. आपल्याकडे गजेंद्राने केला तो धावा, द्रौपदीने केला तो धावा. देवाला हाक मारायची तीही 'धाव रे' म्हणूनच. दोन भाषा एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, तरी संकटातल्या माणसाला काय हवे असते ते दोघींनाही सारखेच ठाऊक होते. त्याला सहानुभूती नको असते, ठरावही नको असतो. कोणी तरी पाय उचलावेत एवढेच हवे असते.

स्पेनमध्ये या शब्दांनी पुढे पक्षही घेतले. १९३४ च्या ऑक्टोबरात आस्तुरियास प्रांतातल्या खाणकामगारांनी उठाव केला. तो दोन आठवड्यांत लष्कराने चिरडला. मारल्या गेलेल्यांच्या आणि तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना ज्या संस्थेने हात दिला तिचे नाव 'सोकोर्रो रोखो', म्हणजे लाल धावा. युद्ध सुरू झाल्यावर फ्रँकोच्या बाजूने वायादोलिद शहरात जी मदतसंस्था निघाली ती मात्र 'आउक्सिल्यो' हा शब्द घेऊन उभी राहिली. एकाच देशात, एकाच भाषेत, मदत या शब्दाचीसुद्धा अशी वाटणी झाली होती.

भोंगा

स्पेनमध्ये १४ एप्रिल १९३१ रोजी राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. राजा तेराव्या आल्फोन्सोने देश सोडला. जमीन मूठभर जमीनदारांकडे, शाळा चर्चकडे आणि बंदूक लष्कराकडे, अशी त्या देशाची जुनी घडी होती. ती मोडण्याचा यत्न पहिल्या सरकारने केला, दुसऱ्या सरकारने तो उलटवला, आणि १६ फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या व उदारमतवादी पक्षांची लोकआघाडी पुन्हा निवडून आली. पाच महिन्यांनी, १७ जुलैच्या संध्याकाळी, आफ्रिकेतल्या मेलिया येथे लष्कराने बंड केले. दुसऱ्या दिवशी ते मुख्य भूमीवर पसरले.

सरकारपुढे प्रश्न एकच होता: कामगारसंघांना शस्त्रे द्यायची की नाही? दोन दिवसांत दोन पंतप्रधान पायउतार झाले, कारण लष्कराविरुद्ध मजुरांच्या हाती बंदूक देण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. १९ जुलैला होसे हिराल पंतप्रधान झाले. हे गृहस्थ पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी शस्त्रे देण्याचा हुकूम काढला. त्याच दिवशी माद्रिदच्या रेडिओवरून डोलोरेस इबारुरी बोलल्या. त्या बास्क प्रांतातल्या खाणकामगाराच्या घरात जन्मल्या आणि खाणकामगाराच्याच घरात नांदल्या. त्यांची सहांपैकी चार मुले लहानपणीच गेली होती. 'नो पासारान', म्हणजे त्यांना पुढे येऊ देणार नाही, ही घोषणा त्या भाषणामुळे जगभर गेली.

पण त्या दिवसातला आम्हांला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग बार्सिलोनाचा आहे. त्या शहरात पोब्लेनोउ नावाचा कापडगिरण्यांचा भाग होता. आपल्या लालबाग-परळसारखाच म्हणा. १९ जुलैच्या पहाटे लष्कराच्या तुकड्या बराकींतून बाहेर पडल्या तेव्हा तिथल्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक वाजू लागले. तो रविवार होता. पाळीची वेळ नव्हती. ज्या भोंग्याने रोज कामावर ओढून न्यावे त्याच भोंग्याने त्या दिवशी धावा केला, आणि लोक रस्त्यावर आले. सरकारशी निष्ठावंत राहिलेले पोलीस आणि हे कामगार यांनी मिळून दोन दिवसांत बार्सिलोनातले बंड मोडले.

ज्यांनी गिरणगावात दिवस काढले आहेत त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको. आमची आई भोंग्यावर घड्याळ लावी. गावी आल्यावर कितीतरी दिवस ती पहाटे त्या वेळेला जागी होऊन बसत असे.

तार आणि समिती

भोंग्याची हाक शहरापुरती. देशाची हाक तारेने गेली. हिराल यांनी पदावर येताच पॅरिसला फ्रान्सचे पंतप्रधान लेओं ब्लूम यांना तार केली. तीत लांबण नव्हती. लष्करी बंडाने आम्हांला अचानक गाठले आहे, शस्त्रे आणि विमाने देऊन ताबडतोब साहाय्य करा, एवढाच तिचा आशय. आणि खाली बंधुभावाने सही. ती सांकेतिक लिपीत नव्हती, उघड होती. घाईत माणूस दार लावायलाही थांबत नाही, तसे ते झाले.

ब्लूम समाजवादी होते. त्यांचे सरकारही लोकआघाडीचेच होते. त्यांचा पहिला विचार मदत द्यायचा होता. एका कायदेशीर सरकारने शेजारच्या कायदेशीर सरकारकडून शस्त्रे विकत मागावीत यात गैर काहीच नव्हते. परंतु ही बातमी उजव्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचली, मंत्रिमंडळात फूट पडायची वेळ आली, आणि ब्रिटनने आपली नाराजी कळवली. पाचसहा दिवसांत ब्लूम मागे सरले. त्याच सुमारास, २५ जुलैला, फ्रँकोचे दूत जर्मनीत बायरॉइट येथे हिटलरला भेटले. तिथे निर्णय व्हायला एक रात्र लागली. जर्मन व इटालियन विमानांनी आफ्रिकेतले हजारो सैनिक समुद्रावरून उचलून स्पेनमध्ये आणले. ते सैन्य आले नसते तर बंड बहुधा तिथेच विझले असते.

ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या सूचनेवरून युरोपातील सत्तावीस राष्ट्रांनी हस्तक्षेप न करण्याचा करार मान्य केला. ९ सप्टेंबर १९३६ रोजी लंडनमध्ये त्याची समिती बसली. त्या समितीत जर्मनी होती, इटली होती, पोर्तुगाल होता. म्हणजे आग लावणारेच बंबाच्या कमिटीवर. इटलीने त्या युद्धात एकंदर सत्तर हजारांहून अधिक माणसे पाठवली. जर्मनीच्या 'काँडोर' दलाने २६ एप्रिल १९३७ रोजी, बाजाराच्या दिवशी, बास्क लोकांचे गेर्निका गाव विमानांतून जाळले. समितीच्या बैठका चालूच राहिल्या. तिने निवेदने घेतली, पोटसमित्या नेमल्या, समुद्रावर पहारा ठेवण्याच्या योजना आखल्या. अमेरिकेनेही तटस्थता पुकारून शस्त्रविक्री बंद केली; मात्र खनिज तेल हे शस्त्र नव्हे असे ठरल्यामुळे टेक्सास ऑइल कंपनीचे तेल फ्रँकोला उधारीवर मिळत राहिले. युद्ध १ एप्रिल १९३९ ला संपले, आणि समिती त्याच महिन्यात विसर्जित झाली. एवढे मात्र वेळेवर झाले.

आमच्याच घरातली गोष्ट

येथवर सरकारांना दोष देणे सोपे गेले. टाळ्याही पडतात. पण आमचे काम कामगार संघटनेचे, तेव्हा आमच्या घरातली गोष्टही सांगितली पाहिजे. सप्टेंबर १९३६ मध्ये प्लिमथ येथे ब्रिटिश कामगारसंघांची परिषद भरली. तिने हस्तक्षेप न करण्याच्या धोरणालाच पाठिंबा दिला. नेते वाईट नव्हते. त्यांना महायुद्धाची धास्ती होती, कॅथलिक सभासद दुरावतील ही भीती होती, आणि पुढाऱ्याची म्हणून एक सवय असते, ती म्हणजे गोष्ट अंगावर येऊ नये अशा बेताने ठराव लिहिणे. ती सवय आम्हांलाही आहे.

पुढच्याच महिन्यात एडिंबरोला मजूर पक्षाचे अधिवेशन झाले. तिथेही तसाच ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. नंतर स्पेनचे पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांत इसाबेल दे पालेन्सिया नावाच्या बाई होत्या. त्या मालागाच्या, पण त्यांची आई स्कॉटिश होती. त्यामुळे त्या स्कॉटिश ढंगाचे अस्सल इंग्रजी बोलत. स्पेनचे दुःख त्यांनी श्रोत्यांच्या आईच्या बोलीत मांडले. आदल्या दिवसापर्यंत जे 'स्पेनचा प्रश्न' म्हणून कागदावर होते ते एकाएकी शेजारच्या घरातले रडणे झाले. प्रतिनिधी उभे राहिले, त्यांनी लाल निशाणाचे गाणे म्हटले. पुढाऱ्यांना धोरणाचा फेरविचार करणे भाग पडले आणि वर्षभराच्या आत पक्षाने ते धोरण सोडले. पण आगीच्या हिशेबात वर्ष हे फार असते.

आम्ही या प्रसंगावर पुष्कळ वेळा विचार केला आहे. स्पेनची हाक स्पॅनिशमध्ये होती म्हणून ती ऐकू गेली नाही, असे नाही. तारेचा अर्थ पॅरिसला आणि लंडनला पुरता कळला होता. तरीही हाक आपल्या बोलीत आली म्हणजे कानाआड करणे अवघड जाते. दूरच्या माणसाचे ओरडणे आपण फार लवकर गोंगाटात जमा करतो.

जे धावले

स्पेनची हाक जिथे भाषांतराशिवाय कळली असा एक देश होता, तो मेक्सिको. अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी फारशी चर्चा न करता सुमारे वीस हजार बंदुका आणि दोन कोटी काडतुसे जहाजाने रवाना केली. मेक्सिको श्रीमंत देश नव्हता. स्पेनने तीनशे वर्षे त्याच्यावर राज्य केले होते. म्हणजे जुना हिशेबच काढायचा तर तो स्पेनच्या विरुद्ध निघता. १९३७ च्या जूनमध्ये स्पेनमधली साडेचारशेच्या वर मुले मेक्सिकोने आपल्या मोरेलिया गावी नेऊन ठेवली, आणि युद्धानंतर हजारो निर्वासितांना घर दिले. फ्रँकोच्या सरकारला मेक्सिकोने कधीच मान्यता दिली नाही.

रशियाने रणगाडे, विमाने आणि सल्लागार दिले. ती मदत नसती तर माद्रिद नोव्हेंबर १९३६ मध्येच पडले असते. पण ती फुकटही नव्हती. स्पेनच्या बँकेतले पाचशे टनांहून अधिक सोने त्यासाठी मॉस्कोला गेले, आणि शस्त्रांबरोबर स्टालिनचे गुप्त पोलीसही आले.

सरकारांखेरीज माणसेही धावली. पन्नासांहून अधिक देशांतले सुमारे पस्तीस हजार स्त्री-पुरुष आंतरराष्ट्रीय दलांत दाखल झाले. त्यांत खाणकामगार होते, खलाशी, शिंपी, शिक्षक, बेकार होते. बहुतेकांना स्पॅनिश येत नव्हते. कॅनडातून आलेले डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांनी माद्रिदमध्ये रक्त गोळा करून ते शीतपेटीत घालून मोटारीने आघाडीवर पोचवण्याची व्यवस्था उभी केली. जखमी माणूस इस्पितळाकडे येईपर्यंत मरतो, तेव्हा रक्तानेच त्याच्याकडे गेले पाहिजे, असा त्यामागचा सरळ विचार. 'धावून येणे' या शब्दाचा याहून नेमका अर्थ दुसरा सापडणार नाही.

आता आपल्याकडचे धागे सांगतो. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. लोक त्यांना बाळाजी हुद्दार म्हणत. तरुणपणी ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघात जबाबदारीच्या पदावर होते, नंतर बालाघाटच्या सशस्त्र प्रकरणात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे पत्रकारिता शिकण्यासाठी ते लंडनला गेले. तिथे स्पेनची हाक त्यांच्या कानी आली आणि १९३७ मध्ये 'जॉन स्मिथ' असे नाव लावून ते आंतरराष्ट्रीय दलात शिरले. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात कैद्यांची छावणी होती, तिथे त्यांना ठेवले. त्याच वर्षी त्यांची सुटका झाली. एका माणसाच्या आयुष्यात किती वळणे असावीत! त्यांच्या विचारांचा प्रवास कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण नागपूरचा एक मराठी माणूस, ज्याचा देश स्वतःच पारतंत्र्यात होता, तो परक्या भाषेतली हाक ऐकून बंदूक घेऊन गेला, हे त्यात उरतेच.

दुसरा धागा सोलापूरचा. डॉक्टर अटल हे स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून आले होते. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठवले त्याचे ते प्रमुख झाले. त्या पथकात सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस होते. बेथ्यूनही स्पेनमधून चीनलाच गेले होते आणि १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेली जखम चिघळून तिथेच वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपण पुढे कोटणीसांकडे आले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनीही चीनमध्येच देह ठेवला. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे कोटणीसांचे नाव घरोघर आहे. परंतु त्या वाटेचा आरंभ माद्रिदच्या त्या रक्ताच्या मोटारींपाशी होतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

पंडित नेहरू जून १९३८ मध्ये कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनात पाच दिवस होते. शहरावर बाँब पडत होते. परतल्यावर त्यांनी स्पेनला धान्य पाठवण्यासाठी खटपट केली. आपल्या देशालाच पोटभर नव्हते, हे विसरता कामा नये.

हिशेबाची दुसरी बाजू

आम्ही प्रजासत्ताकाच्या बाजूने बोलतो आहोत हे उघड आहे. म्हणूनच दुसरी बाजू झाकणे बरोबर होणार नाही. बंडानंतरच्या पहिल्या महिन्यांत प्रजासत्ताकाच्या प्रदेशात चर्चे जाळली गेली, आणि सुमारे सात हजार धर्मगुरू, साधू व जोगिणी मारल्या गेल्या. त्यांतले बहुसंख्य कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले होते. त्यांनीही 'सोकोर्रो' म्हटलेच असेल. मे १९३७ मध्ये बार्सिलोनात प्रजासत्ताकाचेच पक्ष एकमेकांवर गोळ्या झाडत होते. ज्या शहरात भोंगा ऐकून सर्व एक झाले त्याच शहरात दहा महिन्यांनी हे घडले. फ्रँकोच्या बाजूची कत्तल याहून मोठी होती, ती वरून आखलेली होती आणि युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षे चालली. हा फरक खरा आहे, पण त्यामुळे मेलेला भटजी जिवंत होत नाही. आपला पक्ष न्यायाचा असला म्हणजे आपले हात आपोआप स्वच्छ राहतात, असे आम्ही तरुणपणी मानत होतो. आता मानत नाही.

आलिकान्तेचे बंदर

२६ जानेवारी १९३९ रोजी बार्सिलोना पडले. चार-पाच लाख माणसे थंडीत डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेली, आणि तिथे समुद्रकाठच्या वाळूत तारांच्या कुंपणात त्यांना ठेवण्यात आले. मार्चअखेर माद्रिदही गेले. आता पूर्व किनाऱ्यावरचे आलिकान्ते हे बंदर तेवढे उरले. जहाजे येणार आहेत अशी वार्ता पसरली आणि हजारो लोक तिथे जमा झाले. जहाजे मागितली होती, आश्वासनेही मिळाली होती.

त्या बंदरात 'स्टॅनब्रुक' नावाचे एक लहानसे ब्रिटिश मालवाहू जहाज होते. कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन, राहणारा कार्डिफचा. त्याला संत्री, तंबाखू आणि केशर भरून न्यायचे होते. धक्क्यावर माल नव्हता, माणसे होती. उपाशी, भिजलेली, कडेवर पोरे घेतलेली माणसे. डिक्सन काही क्रांतिकारक नव्हता. मालकाची नोकरी करणारा खलाशी होता. त्याने शिडी खाली सोडायला सांगितली. २८ मार्चच्या रात्री ते जहाज निघाले तेव्हा त्यावर २६३८ उतारू होते. तळघरात, डेकवर, दोरांच्या वेटोळ्यांवर, जिथे पाय टेकेल तिथे माणूस. पाणी जहाजाच्या काठाला लागेल इतके ते खाली गेले होते. बाहेर शत्रूच्या नौका होत्या. तरी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओरान बंदराला सुखरूप लागले. तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी उतारूंना उतरवून घ्यायला आठवडे लावले.

मागे धक्क्यावर सुमारे पंधरा हजार लोक राहिले. ते समुद्राकडे बघत होते. एकही जहाज आले नाही. इटालियन सैन्य मात्र आले. काहींनी तिथेच जीव दिला, उरलेले छावण्यांत आणि तुरुंगांत गेले. डिक्सन आणि त्याचे खलाशी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, पाणबुडीच्या माऱ्यात जहाजासकट बुडाले.

सत्तावीस राष्ट्रांच्या समितीजवळ किती जहाजे होती? आणि डिक्सनजवळ एक होते.

आमचा हिशेब

हे सर्व सांगण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, ते शेवटी सांगितले पाहिजे. नाहीतर हे भाषण लबाडीचे होईल.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत आमची फाटकसभा चालू होती. विषय बोनसचा. कारखान्याच्या मागच्या अंगाला सांडपाण्याची टाकी होती. ती साफ करायला ठेकेदाराने दोन ओडिया मजूर उतरवले होते. तोंडाला फडके बांधून, बाकी काही नाही. थोड्या वेळाने त्यांतला एक पळत फाटकापाशी आला आणि ओरडू लागला. 'बंचाअ, बंचाअ' असे काहीतरी तो म्हणत होता. आमच्या सभासदांपैकी एकजण म्हणाला, ठेकेदाराच्या लोकांची मारामारी दिसते. दुसरा म्हणाला, ते आपले सभासद नाहीत, मध्ये पडलो तर व्यवस्थापन आपल्यावर ढकलील. आम्ही हे ऐकले, आणि भाषण पुरे करण्यासाठी म्हणून आणखी काही मिनिटे बोललो. कोणीतरी त्या मुलामागून गेले तेव्हा टाकीतला माणूस विषारी वायूने गेला होता.

बंचाअ म्हणजे वाचवा. हिंदीत बचाओ. एकाच कुळातले शब्द. कान दिला असता तर कळले असते. पण तेव्हा आमच्या कानाला ते परक्याचे ओरडणे वाटले, आणि 'ते आपले सभासद नाहीत' हे वाक्य शहाणपणाचे वाटले. तीन दिवसांनी आम्ही निषेधाचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. त्या रात्री घरी आलो आणि लंडनच्या त्या समितीचे पान पुन्हा उघडून बसलो. ते पान आम्ही यापूर्वी किती वेळा रागाने वाचले होते! त्या रात्री राग कोणावर करावा ते कळेना.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. त्या मोठ्या नाहीत. युनियनच्या घटनेत दुरुस्ती करून ठेकेदारी मजुरांना सभासद करून घेतले. याला आमच्याच माणसांचा विरोध होता आणि दोन निवडणुकांत त्याची किंमत मोजावी लागली. आणि फाटकाशेजारी एक फळा लावला. त्यावर 'वाचवा' हा शब्द तिथे काम करणाऱ्या सर्व भाषांत, देवनागरीत लिहिलेला आहे. नवीन भाषेचा माणूस आला की त्याला विचारून एक ओळ वाढवतो.

श्रोत्यांनो, तुमच्या गल्लीत इमारतीची कामे चालू आहेत, उसाच्या टोळ्या येतात, यंत्रमागावर दूरदूरची मुले राबतात. त्यांतल्या एकाला उद्या विचारा की संकटात तो कोणता शब्द ओरडेल. विचारायला दोन मिनिटे लागतात. ठरावाला आम्हांला तीन दिवस लागले होते.